एका नावाड्याचा अभिप्राय

वाचकहो, तालुक्याच्या वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचलेली मंडळी आपल्यात पुष्कळ असतील. त्या पुस्तकांचे शेवटचे पान जरा आठवून पाहा. कथा संपल्यावर खाली जी कोरी जागा उरे, तिच्यावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने आपापला निकाल देऊन ठेवलेला असे. कोणी लिही, "झकास!" कोणी लिही, "खुनी चौथ्या प्रकरणातच कळतो." मालिकेतले पुढचे पुस्तक असेल तर हमखास एक शेरा ठरलेला, "पहिल्याची सर नाही." त्याच्याखाली निराळ्या अक्षरात, "मग तुम्ही लिहून दाखवा!" ग्रंथपाल चिडत आणि रबर घेऊन बसत. मी मात्र शाळकरी वयात ही टिपणे कथेइतक्याच आवडीने वाचीत असे.

पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ही टिपणे म्हणजे इतिहासाची कागदपत्रेच होती. राजेरजवाड्यांची पत्रे दप्तरखान्यात जपून ठेवतात. साध्या वाचकाला काय वाटले, ते रबराने पुसले जाते. परंतु असा एक शेरा पुसला गेला नाही. तो सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतातल्या एका नावाड्याचा आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

शेरलॉक होम्स हे नाव आपणांस ठाऊक आहेच. भालबा केळकर यांनी त्याला मराठीत आणले. या गुप्तहेराचे जनक आर्थर कॉनन डॉईल हे पेशाने डॉक्टर. १८५९ साली एडिंबरो येथे त्यांचा जन्म झाला. होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली एका नाताळ अंकात छापली गेली आणि तिचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या पंचवीस पौंडांना विकले. होम्सचा मित्र डॉ. वॉटसन या कादंबरीत आपली हकीकत सांगतो. लष्करी डॉक्टर म्हणून तो आपल्या मुंबई बंदरात उतरतो, तेथून अफगाणिस्तानात जातो आणि १८८० सालच्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो. म्हणजे या कथेचा पहिला पाय आपल्याच किनाऱ्याला लागला आहे!

१८९१ साली डॉईल यांनी लंडनमध्ये डोळ्यांचा दवाखाना थाटला. रोगी काही येईनात. मग रिकाम्या दवाखान्यात बसून ते कथा लिहू लागले. त्याच वर्षी जॉर्ज न्यून्स नावाच्या प्रकाशकाने 'स्ट्रँड' हे मासिक सुरू केले होते. किंमत सहा पेन्स आणि आत चित्रांची रेलचेल. डॉईल यांनी एक साधी गोष्ट हेरली. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो. तेव्हा नायक तोच ठेवावा, पण कथा दर अंकात पुरी करावी. जुलै १८९१ पासून अशा कथा येऊ लागल्या आणि वर्षभरात होम्स घरोघर पोचला.

हे वाचक आले कोठून? शिक्षक बंधुभगिनींनी येथे जरा थांबावे. इंग्लंडात प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा १८७० साली झाला. १८८० साली मुलांची हजेरी सक्तीची झाली, आणि १८९१ साली प्राथमिक शाळांतील फी बहुतेक ठिकाणी उठली. शाळेत अक्षरओळख झालेली कारकून, कारागीर, दुकानदार यांची एक पिढी आता मोठी झाली होती. आगगाडीने कामावर जाताना तिला वाचायला काहीतरी हवे होते, आणि स्टेशनावरच्या पुस्तकांच्या दुकानात सहा पेन्सांना मासिक मिळत होते. होम्सला डॉईल यांनी जन्म दिला हे खरे. पण त्याला मोठे केले ते या शाळांनी आणि आगगाड्यांनी.

आणि मोठे झालेले मूल बापाला डोईजड झाले! डॉईल यांचे मन ऐतिहासिक कादंबऱ्यांत होते. होम्समुळे आपले अधिक चांगले लेखन झाकले जाते असे त्यांना वाटू लागले. नोव्हेंबर १८९१ मध्येच त्यांनी आईला पत्र लिहून कळविले की होम्सला संपवावे असा विचार आहे. आईने साफ नकार दिला. मालिकेविषयी वाचकाने दिलेला हा पहिला मोठा कौल म्हणावा लागेल, आणि तो घरातूनच आला! पुढे मासिकाने आणखी कथांचा तगादा लावला, तेव्हा त्याने नाद सोडावा म्हणून डॉईल यांनी बारा कथांचे हजार पौंड मागितले. मासिकाने ते ताबडतोब कबूल केले. अखेर डिसेंबर १८९३ च्या अंकात त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील रायकेनबाख धबधब्याच्या कड्यावरून, मोरिआर्टी या त्याच्या वैऱ्यासह, खाली लोटून दिले.

मग जो गहजब झाला तो सर्वश्रुत आहे. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केले, असा आकडा पुस्तकांतून सांगितला जातो. लंडनच्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, असेही म्हणतात. या दुसऱ्या गोष्टीला त्या काळच्या वर्तमानपत्रांतून पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. ती मागाहून रचली गेली असावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गोड गोष्टीलाही पुरावा मागितला पाहिजे. परंतु डॉईल यांनी १९२४ सालच्या आपल्या आत्मवृत्तात सांगितलेला पत्रांचा पाऊस मात्र खराच मानावा लागतो. एका बाईंनी तर पत्राच्या मायन्यातच त्यांना पशू म्हणून संबोधिले होते.

आपल्याकडे देवळात पोथी लागते. अभिमन्यूचा वध आला की ऐकणाऱ्या आयाबाया डोळ्यांना पदर लावतात. पण अभिमन्यूला परत आणा असे कोणी म्हणत नाही. पोथीचा शेवट सर्वांना ठाऊक असतो आणि पोथीच्या कर्त्याला पत्र घालता येत नाही. मासिकातल्या कथेचे तसे नाही. तिचा कर्ता जिवंत आहे, त्याचा पत्ता ठाऊक आहे आणि पोस्टाचे तिकीट स्वस्त आहे. ऐकणाऱ्याचा असा तक्रार करणारा वाचक झाला, हा त्या काळातला मोठाच पालट होय.

डॉईल दहा वर्षे टिकाव धरून राहिले. १९०१-०२ साली त्यांनी होम्सची एक कादंबरी दिली, पण ती त्याच्या मृत्यूपूर्वीची हकीकत म्हणून. शेवटी मोठ्या मोबदल्याचे बोलणे आले आणि १९०३ साली होम्स परत आला. तो कड्यावरून पडलाच नव्हता. कुस्तीच्या एका डावाने त्याने मोरिआर्टीला फेकले, आणि मधली वर्षे तिबेटात ल्हासापर्यंत हिंडण्यात घालविली, असा खुलासा झाला. वाचकांनी तो आनंदाने मान्य केला. लेखक हरला, वाचक जिंकला.

आणि येथेच आपला नावाडी बोलतो. त्याने डॉईल यांना तोंडावर सांगितले की, साहेब, त्या कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण तेव्हापासून तो पहिल्यासारखा माणूस काही राहिला नाही. डॉईल यांची थोरवी अशी की त्यांनी ही टीका लपविली नाही. उलट ती स्वतःच लिहून ठेवली. नावाड्याचे नाव मात्र त्यांनी नोंदविले नाही.

नावाड्याचे म्हणणे खरे होते काय? आपण पुरावा तपासून पाहू.

त्याच्या बाजूने बरेच सांगता येते. १८९२ सालच्या एका कथेत चोरलेले रत्न हंसाच्या पोटात दडविलेले असते. १९०४ सालच्या कथेत ते प्लास्टरच्या पुतळ्यात सापडते. १८९१ च्या एका प्रसिद्ध कथेत लाल केसांच्या दुकानदाराला विलक्षण नोकरीची लालूच दाखवून दुकानाबाहेर काढतात, कारण चोरांना त्याच्या तळघरातून भुयार खणावयाचे असते. १९२५ साली 'स्ट्रँड'मध्ये आलेल्या 'तीन गॅरिडेब' या कथेत पुन्हा तेच. एका विचित्र आडनावाच्या वृद्ध गृहस्थाला वारशाचे आमिष दाखवून खोलीबाहेर काढावयाचे. जुन्याच विहिरीवर नवी मोट बसविली. शिवाय १९२६ मध्ये दोन कथा होम्सने स्वतः सांगितल्या आणि वॉटसनचा भोळा आवाज त्यांतून गेला. गूळ तोच, पण पुरणपोळीत वेलदोडा राहून गेला म्हणजे जसे वाटते, तसे कित्येक वाचकांना वाटले.

आता दुसरी बाजू. त्याच 'तीन गॅरिडेब' कथेत वॉटसनला गोळी लागते, आणि एरवी थंड डोक्याचा होम्स मित्रासाठी कासावीस होतो. या लहानशा प्रसंगावर आजही वाचक जीव टाकतात. पहिल्या चोवीस कथांत होम्सचे अंतःकरण इतके उघडे कोठेही दिसत नाही. म्हणजे होम्स पहिल्यासारखा राहिला नाही, हे म्हणणे मान्य केले, तरी ती सारी घटच होती असे म्हणता येत नाही.

आकडेही पाहू. १९२७ साली 'स्ट्रँड'ने एक स्पर्धा लावली. डॉईल यांनी आपल्या मते उत्तम अशा बारा होम्सकथांची यादी केली आणि वाचकांनी ती ओळखावयाची होती. शेवटच्या संग्रहातील बारा कथा तेव्हा पुस्तकरूपाने आलेल्या नव्हत्या, म्हणून त्या स्पर्धेबाहेर होत्या. उरल्या चव्वेचाळीस. त्यांतील चोवीस कड्यापूर्वीच्या आणि वीस नंतरच्या. डॉईल यांच्या यादीत पूर्वीच्या सात आल्या आणि नंतरच्या पाच. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. चोविसांत सात आणि विसांत पाच, यात फार मोठे अंतर नाही. निदान कर्त्याच्या दृष्टीने नावाड्याचा निकाल अर्धाच खरा ठरतो.

मग नावाड्याला आणि त्याच्यासारख्या असंख्यांना उत्तरार्ध फिका का वाटावा? मला याचे एक कारण असे दिसते. ज्या मुलाने बाराव्या वर्षी, १८९१ साली, पहिली होम्सकथा वाचली, तो होम्स परतला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. १९२७ साली शेवटची कथा आली तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता. मध्ये एक महायुद्ध होऊन गेले होते. होम्स बदलला हे त्याला दिसले. आपण बदललो हे दिसावयाला आरसा लागतो. बालपणी जत्रेत खाल्लेल्या रेवडीची चव पुढे कोणत्याच रेवडीला येत नाही, याचा सारा दोष हलवायाच्या माथी मारून कसे चालेल?

म्हणून वाचकाच्या मताला किंमत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९०४ सालच्या एका कथेत होम्स सायकलच्या चाकोऱ्या पाहून ती कोणत्या दिशेला गेली ते सांगतो. वाचकांनी लिहिले की, मागचे चाक पुढच्या चाकाच्या खुणेवरून जाते, ते कोणत्याही दिशेने जाताना जाणारच; मग दिशा कळावी कशी? डॉईल यांनी स्वतःची सायकल काढली, करून पाहिले आणि वाचकांचे बरोबर आहे असे कबूल केले. मात्र चढावर चाक खोल रुतते व उतारावर कमी, त्यावरून दिशा कळली असती, असे उत्तरही शोधून काढले! घोड्यांच्या शर्यतीवरील कथेबद्दल एका जाणकाराने लिहिले होते की, कथेतल्यासारखे वागणारी माणसे प्रत्यक्षात निम्मी तुरुंगात जातील आणि उरलेली शर्यतीच्या मैदानावरून कायमची हाकलली जातील. तीही टीका डॉईल यांनी हसत नोंदवून ठेवली.

'आवडले नाही' म्हणणारे हजार असतात. चाकोरीकडे बोट दाखवून 'येथे चुकले' म्हणणारा एखादाच. लेखकाला उपयोग होतो तो या दुसऱ्याचा. नावाडी पहिल्या जातीचा. पण त्याने जे बहुतेकांच्या मनात होते ते एका वाक्यात नेमके सांगितले, म्हणून टिकला.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी वाचनालयांतून पाळ्या लागत. त्या वाचकांना कोणती कथा उतरलेली वाटली, कोणती चढलेली, याची नोंद आपण फार थोडी ठेवली. ते सांगू शकणारी वडील मंडळी अजून काही घरांतून आहेत. शिक्षक बंधुभगिनींनो, एखाद्या शनिवारी वर्गातल्या मुलांना घरी पाठवून आजोबांना, आजीला एवढेच विचारावयास सांगा, की तुम्ही तरुणपणी काय वाचीत होता, आणि कोणते पुस्तक वाचून मन मोडले? उत्तर शब्दशः वहीत उतरून घ्यावे. खाली तारीख घालावी, आणि सांगणाराचे नावही लिहावे. डॉईल यांच्याकडून तेवढे राहून गेले.

मुलांनी स्वतःचे मतही जरूर लिहावे, का आवडले आणि का नाही या कारणासह. फक्त ते वहीत लिहावे. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिल्यास ग्रंथपाल रबर घेऊन बसलेलेच आहेत!