दापोली कॅम्पचे चर्च व जुनी दफनभूमी

दापोली कॅम्पचे चर्च व जुनी दफनभूमी : रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे कंपनी सरकारच्या लष्करी छावणीसाठी उभारलेले इंग्रजी चर्च व त्याच छावणीतील युरोपियनांची दफनभूमी. बुरोंडी, लाडघर, हर्णै ही तालुक्यातील किनाऱ्याची गावे. छावणी मात्र त्यांच्या वरच्या सपाटीवर, थंड हवा पाहून वसवली गेली. चर्च आज छपराविना, पडक्या अवस्थेत आहे.

या वास्तूला ‘पॅरिश चर्च’ म्हणण्याची पद्धत आहे, पण तिने दिशाभूल होते. पॅरिशला गाव लागते: तिथे जन्मणारी, लग्न करणारी, शेती किंवा मासेमारी करणारी आणि तिथेच पुरली जाणारी कुटुंबे लागतात. दापोलीत तसे काही नव्हते. पेशवाई संपल्यावर 1818 मध्ये दक्षिण कोकणच्या बंदोबस्तासाठी इथे छावणी पडली. 1840 मध्ये नियमित पलटणी हलवल्या गेल्या आणि मागे उरलेली वयस्क शिपायांची पलटणही 1857 मध्ये मोडली गेली. कंपनीच्या पाद्र्यांचा पगार सरकारी खजिन्यातून होई आणि जिथे गोरे अधिकारी तिथे प्रार्थनेची सोय, असा हिशेब असे. चर्च छावणीचा एक भाग होते, छावणी उठली तेव्हाच त्याचे भवितव्य ठरले. पुढची पडझड हा त्या निर्णयाचा परिणाम आहे. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कौले फिरवायला कोणी नसेल, तर भिंती फार काळ तग धरत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या दुर्लक्षाने चर्च पडले, असा यावर आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. वसईशी तुलना केली तर फरक दिसतो. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चे ओस पडून ढासळली, पण आसपासच्या गावांतील चर्चे आजही भरतात, कारण त्यांचे भाविक तिथलेच शेतकरी व कोळी होते. सत्ता गेली तरी भाविक कुठे गेले नाहीत. दापोलीच्या चर्चची गत वसई किल्ल्यातल्या चर्चांसारखी झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : छावणी उठली तरी कॅम्प रिकामा झाला नव्हता. हे खरेच आहे. निवृत्त शिपाई, त्यांत मोठ्या संख्येने महार पेन्शनर, इथे राहत होते. 1886 मध्ये लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्धची त्यांची चळवळ इथूनच चालली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथे आले, त्यामुळे बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ या कॅम्पात गेला. पण ही माणसे चर्चची भाविक नव्हती. म्हणजे ज्यांच्यासाठी चर्च बांधले ते निघून गेले आणि जे राहिले त्यांचे ते नव्हते. छावणीचा इतिहास केवळ थडग्यांच्या शिळांवरून लिहिला, तर तिचा सर्वांत टिकाऊ आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वारसा त्यातून गळून पडतो.

मिशन. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये बाणकोट भागात आला आणि त्याच वर्षी वारला. जॉन विल्सन 1829 मध्ये हर्णैला मराठी शिकून मुंबईस गेले. दापोलीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनने काम सुरू केले, तेव्हा चर्चला स्थानिक भाविक मिळण्याची शक्यता होती. तसे फारसे घडले नाही. मिशनची खरी कमाई शाळा ठरली : भारतरत्न पां. वा. काणे आणि साने गुरुजी हे दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी. या मिशनचे मिशनरी आल्फ्रेड गॅडने यांचे नाव येथील हायस्कूलला आजही आहे.

दफनभूमीकडे पाहताना शिळा कोणाला परवडत असे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. कोरीव इंग्रजी लेख अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांना लाभे. याच किनाऱ्यावर, बाणकोटच्या खाडीमुखाशी, 1853 मध्ये आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी व तान्ही मुलगी होडी उलटून बुडाल्या. दोघींची नावे स्मारकाने जपली. त्यांच्यासोबत बुडालेल्या तेरा खलाशांची केवळ संख्या उरली. याच कारणाने प्रस्तुत नोंदीत वास्तुशैलीपेक्षा दफननोंदवहीला अधिक मोल दिले आहे. पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती वरिष्ठांकडे धाडत आणि त्या लंडनला जात. मुंबई इलाख्याचा हा संग्रह आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्या साध्या सोल्जरांना शिळा मिळाली नाही, त्यांचाही शोध या वह्यांत घेता येतो. मात्र देशी शिपाई त्यांतही नाहीत. त्यांच्यासाठी पलटणींचे व पेन्शनचे कागद पाहावे लागतील.

जतन. दक्षिण आशियातील ब्रिटिश थडग्यांसाठी 1976 मध्ये इंग्लंडमध्ये ‘बाक्सा’ ही संस्था निघाली. पण जांभ्याच्या या मुलखात पावसाळ्यागणिक अक्षरे झिजतात, आणि दूरची संस्था दर वर्षी येऊन ती वाचू शकत नाही. उरलेल्या लेखांची छायाचित्रे व नकला दापोलीतील शाळा-महाविद्यालयांनीच करून घ्याव्यात आणि सोबत कॅम्पातील पेन्शनर घराण्यांचे जुने कागदही जमवावेत.