जागा मिळाली का? : मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या छपराचा इतिहास

जून-जुलैमध्ये नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानी पडतो, ‘जागा मिळाली का?’ विचारणाऱ्याच्या मनात प्रवेशाची जागा असते की राहण्याची, हे प्रसंगावरूनच ओळखावे लागते. एम. ए.ला किंवा पीएच. डी.ला नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या लेखी मात्र हा फरक फारसा उरत नाही. यादीत नाव लागले आणि गावात खोली मिळाली नाही, तर तो प्रवेश कागदावरच राहतो.

आपल्याकडे शिक्षणाचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. संस्था केव्हा स्थापन झाली, संस्थापक कोण, पहिले प्राचार्य कोण, इमारतीची कोनशिला कोणी बसवली, हे सारे त्यांत असते. विद्यार्थी रात्री कोठे झोपत होता आणि कोणाच्या घरी जेवत होता, हे मात्र क्वचितच सापडते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच, की मराठवाड्यात हा तपशील दुय्यम नाही. येथे शिकायला येणाऱ्याला छप्पर देणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे काही ना काही अट ठेवत आला आहे. ह्या अटींची यादी केली, तर तो ह्या प्रदेशाच्या उच्चशिक्षणाचा बराचसा खरा इतिहास होईल.

१

निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्चशिक्षणाची सोय म्हणजे औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमिजिएट कॉलेज. पदवीसाठी हैदराबाद गाठायचे. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. कोण कोठे जाणार हे रेल्वेच्या रुळांवरही ठरत असे. नांदेड-परभणीकडचा मुलगा गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने हैदराबादेस उतरे. लातूरकडच्याला बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीने सोलापूर-पुण्याची वाट जवळची होती.

उतरल्यावर राहायचे कोठे? पहिले उत्तर नात्याचे. मामा, मावशी, आत्या, अगदीच कोणी नसले तर गावातल्या कोणाचा तरी साडू. नरहर कुरुंदकरांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९३२ साली नांदापूर येथे (आजचा हिंगोली जिल्हा) जन्मलेले कुरुंदकर विद्यार्थिदशेत हैदराबादेत मामांच्या घरी राहिले. हे मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचे अभ्यासक. कुरुंदकरांच्या परीक्षांतील अपयशाच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. परंतु वर्गात रमू न शकलेल्या ह्या मुलाला घरातच एक विद्वान आणि त्याची पुस्तके लाभली होती, ही गोष्ट त्या कथांइतकीच महत्त्वाची आहे. येथे छपराची अट होती नाते, आणि ज्याच्या नात्यात शहरात स्थिरावलेला कोणी नाही त्याला ही वाट बंद.

दुसरे उत्तर वार लावून जेवण्याचे. सात वारांना सात घरे धरायची आणि एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या माडीवर अंथरूण टाकायचे. ह्या पद्धतीने महाराष्ट्रातले पुष्कळ गरीब विद्यार्थी शिकले, हे निःसंशय. मात्र शिजवलेल्या अन्नाचा प्रश्न असल्याने ही सोय बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरतीच होती, हेही तितकेच निःसंशय. ‘गरीब विद्यार्थी’ हा शब्दप्रयोग ऐकायला सर्वसमावेशक वाटतो. वाराच्या ताटापुढे तो तसा नव्हता.

ही कोंडी कोल्हापुरात फोडली गेली. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाळा काढली म्हणजे शिक्षण पोचले असे होत नाही, मुलाच्या जेवणाची आणि निजण्याची सोय करावी लागते, हे त्या राजाने ओळखले होते. निजामाच्या राज्यात असे काही त्या प्रमाणावर घडले नाही. जे घडले ते व्यक्तींच्या जिद्दीतून. १९२१ साली हिप्परगा येथे (आजचा धाराशिव जिल्हा) राष्ट्रीय शाळा निघाली. ती निवासी होती. व्यंकटेश भवानराव खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, ह्या शाळेत शिक्षक होते आणि पुढे १९३५ मध्ये अंबाजोगाईस आले. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एका आवारात राहावे, ही कल्पना मराठवाड्यात रुजली ती प्रथम अशा ठिकाणी.

२

सरकारी वसतिगृहाची अट निराळी होती. १९३८ च्या अखेरीस ती उघडी पडली. औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि त्यांना वसतिगृहासह विद्यापीठालाच मुकावे लागले. ‘वंदे मातरम् चळवळ’ म्हणून हा प्रसंग मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. तो वसतिगृहाचाही इतिहास आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. चळवळीची ठिणगी प्रार्थनेच्या खोलीत पडली, वर्गात नव्हे. वर्गात मुले शेजारी बसतात. वसतिगृहात ती रात्री एकत्र असतात, बोलतात, आणि त्या बोलण्याचे एखादे वेळी आंदोलन होते.

काढून टाकलेल्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. म्हणजे ह्या मुलांना नव्या विद्यापीठाबरोबर नवे गाव, नवी भाषा आणि नवी खोली शोधणे आले. राजसत्तेने दिलेल्या छपराची अट आज्ञापालनाची असते, हा धडा त्यांनी विशीच्या आतबाहेर घेतला.

३

छपराची अट कोणाला सर्वांत जाचक ठरली, हे सांगण्यासाठी थोडे बाहेर जावे लागेल. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक मराठी विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाला. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल ह्या वसतिगृहात नवल भथेना ह्या पारशी मित्रासमवेत तो राहिला. परक्या देशात त्याला खोली मिळाली. १९१७ साली तोच तरुण, उच्च विद्याविभूषित होऊन, बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आला, तेव्हा त्याला शहरात कोठेही जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात तो राहिला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. पदवीने माणसाची योग्यता सिद्ध होते, खोली मिळत नाही, ह्याचा याहून कठोर दाखला आपल्या इतिहासात सापडणे अवघड आहे.

१९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्यासोबत वसतिगृहाचाही विचार होता, ह्यात नवल नाही. नागसेनवनाच्या आवारात वर्गाइतकेच महत्त्व त्या खोल्यांना होते. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बीड येथल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलाला शहरात मामा नव्हता, वाराचे घर नव्हते, भाड्याची खोली कोणी देणार नव्हते. त्याला येथे आडनाव न विचारता खाट मिळाली.

प्र. ई. सोनकांबळे हे अशांपैकी एक. गाव चेरा, तेव्हाचा उदगीर तालुका. आज ते लातूर जिल्ह्यात आहे. लहानपणीच आईवडील गेले, बहिणीच्या आश्रयाने वाढणे झाले, आणि शिकत शिकत ते औरंगाबादच्या मिलिंदपर्यंत पोचले. पुढे औरंगाबादेतच प्राध्यापक झाले. ‘आठवणींचे पक्षी’ हे त्यांचे आत्मकथन १९७९ साली आले. साहित्याचे विद्यार्थी ते दलित आत्मकथनांच्या परंपरेत वाचतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तेच पुस्तक एका मुलाने निवारा आणि अन्न यांसाठी केलेल्या पायपिटीची नोंद म्हणूनही वाचता येते. १९६७ च्या सुमारास ह्याच परिसरात ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले आणि गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली त्याचेच ‘अस्मितादर्श’ झाले. दलित साहित्याच्या उगमाची कारणे सांगताना आपण विचार, चळवळ, नियतकालिक ह्यांचा निर्देश करतो. त्यांत आणखी एक कारण मिळवावे असे वाटते: रात्री दिव्याखाली चार समदुःखी मुलांना एकत्र बसू देणारी खोली.

४

स्वातंत्र्यानंतर विद्यालये जवळ येत गेली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय, १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादची वाट सुटली. पदव्युत्तर शिक्षणासाठी औरंगाबादची वाट राहिली.

२७ जुलै १९७८ रोजी ह्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतराच्या चर्चेत अस्मितेचा, राजकारणाचा, प्रादेशिकतेचा विचार झाला. आपल्या विषयापुरते इतकेच म्हणावयाचे, की ज्याच्या गावातले घर जळाले त्या विद्यार्थ्याने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घरमालकाचे दार कोणत्या धीराने ठोठवायचे? विद्यापीठाच्या कमानीवरचे नाव आणि खोलीच्या दारात विचारले जाणारे आडनाव ह्या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी, मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पुढे लातूरला त्याचे उपकेंद्र झाले. शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, लातूर रस्त्याला, विष्णुपुरीच्या माळावर हे विद्यापीठ वसले आहे. १९८१ चे श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारीच होते. काळेश्वराच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गोदाकाठचे गाव पाहता पाहता खोल्यांचे गाव झाले. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक. नाही तर विष्णुपुरीत चौघांत मिळून एक खोली, किंवा नांदेड शहरात राहून रोज ये-जा.

काही वर्षांपूर्वी एका संशोधक विद्यार्थ्याबरोबर प्रस्तुत लेखक नांदेडात खोली शोधत हिंडला होता. एका घरी मालकीणबाईंनी पाणी दिले, चहा दिला, गाव विचारले. मग सहज विचारावे तसे, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितले. “खोली कालच दिली बघा, बाळा. पाटी काढायची राहिली.” स्वर मायेचाच होता. परतताना तो विद्यार्थी म्हणाला, “सर, ही सहावी पाटी.” आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही. त्या संध्याकाळी जेवलो ते गुरुद्वाऱ्याच्या लंगरात. तेथे पंगतीत बसणाऱ्याला नाव विचारत नाहीत.

५

लातूरची कथा निराळी आणि तितकीच बोधप्रद आहे. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती पसरली तशी अकरावी-बारावीसाठी राज्यभरातून मुले येऊ लागली. शिकवणी वर्गांचा ‘ट्यूशन एरिया’ झाला, आणि त्याभोवती खोल्या, मेस, डबे, अभ्यासिका यांचा व्यवसाय उभा राहिला. खोलीचे भाडे घरावर न ठरता खाटेवर ठरू लागले. ह्या बाजाराची अट पैसा. तिचा एक गुण मान्य केला पाहिजे: खाटेमागे भाडे घेणारा धंदेवाईक मालक आडनावाची चौकशी तुलनेने कमी करतो. दोष असा, की वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने आईबाप मुलासाठी जे भाडे मोजतात, ते मराठीत एम. ए. करणाऱ्या शेतमजुराच्या मुलीला परवडत नाही. एकाच गल्लीत दोघे खोली शोधतात आणि दर ठरतो तो पहिल्याच्या ऐपतीवर.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ह्या व्यवस्थेचा पाया किती उथळ आहे हे दिसले. शहर शिक्षणाच्या नावाने वाढले, परंतु येणाऱ्या मुलांना प्यायला पाणी आहे का, हा हिशेब कोणी मांडला नव्हता. ज्या लोहमार्गाने एके काळी लातूरची मुले शिकायला बाहेर पडत, त्याच दिशेने पाणी येत होते.

शासनाने २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना आणली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह यांसाठी वार्षिक रक्कम मिळते; मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती ६० हजार रुपयांपर्यंत ठरवण्यात आली. योजना आवश्यकच आहे. मात्र ती भाडे देऊ शकते, पाटी काढायची राहिली म्हणणाऱ्या मालकीणबाईंचे उत्तर बदलू शकत नाही. म्हणून स्वाधार हा वसतिगृहाला पर्याय नव्हे, पूरक आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मामाचे नाते, वाराची जात, सरकारी आज्ञा, घरमालकाचे आडनाव, बाजाराचा पैसा. अटी बदलत गेल्या, अटीविना छप्पर क्वचितच मिळाले. जेथे ते मिळाले, हिप्परग्यात काही काळ, नागसेनवनात काही पिढ्या, तेथून माणसे आणि पुस्तके निघाली. विष्णुपुरीचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे ते स्वामीजी एका निवासी शाळेचे शिक्षक होते, ह्याचे स्मरण त्या आवारात वसतिगृहाची प्रत्येक नवी खोली करून देईल.

तोवर आपण शिक्षकांनी एक करावे. संशोधक विद्यार्थी पहिल्या दिवशी भेटायला आला, की विषय कोणता हे विचारण्याआधी ‘राहता कोठे?’ हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.