कोल्हा आधी मराठीत आला

कोरेगावात पाचवीला इंग्रजी सुरू झाले. शब्द पाठ होत, वाक्य मात्र उमगेना. ते प्रथम उमगले कोल्हा-द्राक्षांच्या धड्यात, कारण गोष्ट आजीकडून ऐकलेली होती. आजीपर्यंत ती कशी पोचली, हे शोधताना मी १८२८ पाशी थांबलो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्या साली इसापाच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या, ‘बाळमित्र’ही त्यांचाच. नव्या मराठी शाळांना तेव्हा पुस्तकेच नव्हती. इंग्रजीतून आलेल्या त्या कोल्ह्यानेच पुढे मला इंग्रजीत नेले.

२००० पासून आपल्याकडे पहिलीलाच इंग्रजी आहे. निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. पण गोष्ट मराठीत ऐकण्याआधीच धडा येतो. नातीने तो परवा घडाघडा म्हटला. कोल्हा द्राक्षांना आंबट का म्हणाला, विचारले.

“आजोबा, पुस्तकात तसंच आहे.”