रक्तजनक मूलपेशींचे वार्धक्य

अस्थिमज्जेत वास करून आजन्म तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबाणू यांची निपज करणाऱ्या मूलपेशींत वयोमानाने घडणारा पालट. या पेशींच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा टोरांटोच्या जेम्स टिल व अर्नेस्ट मक्‌कलॉक यांनी 1961 मध्ये, किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांच्या प्लीहेत उगवलेल्या गाठींवरून दिला.

म्हातारपणी या पेशी संपुष्टात येतात, ही समजूत यथार्थ नाही. वृद्ध उंदरांत त्यांची संख्या उलट वाढलेली आढळते. मात्र रोपण केले असता नवी मज्जा उभी करण्याचे त्यांचे सामर्थ्य क्षीण झालेले असते आणि त्यांची निपज रोगप्रतिकार करणाऱ्या लसीकापेशींकडे कमी होत जाते. वृद्धांस लस तितकीशी लागू पडत नाही, त्याचे एक कारण येथे आहे. यौवनलोपी ग्रंथीचा (थायमसचा) ऱ्हास हे दुसरे, आणि बहुधा अधिक वजनाचे.

प्रत्येक मूलपेशीत वर्षाला सुमारे 17 उत्परिवर्तने साचतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु डीएनएमटी-3ए वा टेट-2 या जनुकांत बिघाड झालेली एखादी पेशी इतरांहून जोमाने वाढते आणि तिचाच वंश रक्तात अंमल बसवतो. अशी एकवंशीयता सत्तरीपुढील दहा टक्क्यांहून अधिक लोकांत आढळते, हे 2014 मध्ये दिसून आले. त्यांपैकी वर्षाकाठी जेमतेम अर्धा ते एक टक्का लोकांस रक्ताचा कर्करोग जडतो. खरा घात होतो तो हृदयविकाराने: टेट-2 गमावलेल्या भक्षकपेशी रोहिणीच्या भित्तीत दाह भडकवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे.

या विषयात हॉलंडच्या हेंड्रिक्ये फान आंडेल-स्खिपर (1890–2005) यांचे उदाहरण विलक्षण आहे. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी एका विद्यापीठाशी मरणोत्तर देहदानाचा करार केला आणि एकशे दहा ओलांडल्यावर, आता आपला देह उपयोगी पडेल ना, अशी त्यांनी विद्यापीठाकडे विचारणाही केली. तो उपयोगी पडला. त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे दोन-तृतीयांश पेशी अवघ्या दोन मूलपेशींच्या संतती होत्या. तरीही 115 वर्षांच्या या बाईंना रक्ताचा कोणताही आजार नव्हता, मृत्यू आला तो जठराच्या कर्करोगाने. सबब एकवंशीयता हा स्वयमेव रोग मानला जात नाही. ती आढळल्यास वैद्य रक्तगणना नियतकालाने तपासतात आणि रक्तदाब, मेद व धूम्रपान यांचा बंदोबस्त करण्यावर भर देतात.