कोरियन खानावळ : एकट्याच्या चौरंगापासून सामाईक मेजापर्यंत

कोरियात पैसे देऊन जेवण्याची जुनी जागा म्हणजे जुमाक. चोसन राजघराण्याच्या काळात (१३९२–१९१०) घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या उताराजवळ आणि बाजाराच्या गावी अशी घरे असत. ती बहुधा बायका चालवत. त्यांना जुमो म्हणत. चुलीवर रश्शाची मोठी कढई कायम उकळत असे. वाडग्यात भात घालून त्यावर कढत रस्सा ओतला की ‘गुकबाप’ तयार. सोबत तांदळाची पांढरट दारू, माकगल्ली. जेवणाखाणाचे पैसे दिले की मुक्कामाचे वेगळे पैसे पडत नसत. फेरीवाले, हमाल आणि परीक्षेला निघालेले विद्यार्थी एकाच खोलीत दाटीवाटीने झोपत.

प्रतिष्ठितांच्या घरची रीत निराळी होती. तिथे प्रत्येकाला सोबान नावाचा ठेंगणा चौरंग स्वतंत्र मांडला जाई. मराठी ताटात डावी-उजवी बाजू ठरलेली असते, तशी इथेही मांडणी ठरलेली : भात डावीकडे, रस्सा उजवीकडे आणि चमचा व काड्या उजव्या कडेला. पितरांच्या पूजेत मात्र भात आणि रश्शाच्या जागा उलटतात. तोंडी लावण्याच्या पदार्थांना बानचान म्हणतात. त्यांच्या संख्येवरून जेवणाचा दर्जा ठरे : तीन, पाच, सात, नऊ, आणि राजासाठी बारा. भात, रस्सा आणि किमची या मोजणीत धरत नसत. वाडगा हातात न उचलता मेजावरच ठेवून चमच्याने जेवण्याची आणि वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्यावर सुरुवात करण्याची शिस्त याच पंगतीतली. किमचीचा लाल रंग मात्र तुलनेने नवा आहे. मिरची कोरियात पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. तोवर भाज्या मिरचीशिवायच मुरवत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दोन्ही प्रवाह सोल शहरात एकत्र आले. राजवाड्याच्या मुदपाकखान्याची व्यवस्था पाहिलेल्या आन सुन-ह्वान यांनी म्यंगवलग्वान हे भोजनगृह काढले. दरबारी पदार्थ आता पैसेवाल्या कुणालाही मिळू लागले. गीसेंग, म्हणजे कलावंतिणी, पाहुण्यांचे मनोरंजन करत. अशा भोजनगृहांत चौरंगाऐवजी मोठे मेज आले आणि अनेकांनी एकाच मेजावरून जेवण्याची पद्धत रुळली. म्यंगवलग्वानच्याच थेह्वाग्वान या शाखेत १ मार्च १९१९ रोजी जपानी सत्तेविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. सही करणाऱ्या ३३ पुढाऱ्यांपैकी २९ तिथे हजर होते. जाहीरनाम्यासाठी जवळच्या बागेत जमलेल्या गर्दीशी पोलिसांची चकमक होऊ नये म्हणून पुढाऱ्यांनी ही जागा निवडली होती. पोलिसांना त्यांनी स्वतःच वर्दी दिली आणि अटक करवून घेतली.

सामान्यांची खानावळ म्हणजे सल्लंगथांगचे दुकान. बैलाची हाडे तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरा रस्सा करायचा. मीठ आणि चिरलेली कांद्याची पात खाणाऱ्याने हवी तशी घालायची. रस्सा स्वस्त होता, पण गाडीवानांच्या मांडीला मांडी लावून बसणे खानदानी मंडळींना कमीपणाचे वाटे. ते तो घरी मागवत आणि पोऱ्ये सायकलवरून पोहोचवत. ह्यन जिन-गन यांच्या १९२४मधल्या ‘भाग्याचा दिवस’ या कथेत रिक्षा ओढणारा माणूस आजारी बायकोसाठी हाच रस्सा घेऊन घरी येतो, तेव्हा ती गेलेली असते.

कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) दक्षिण कोरियात तांदळाची चणचण होती. १९६९पासून खानावळींत बुधवारी आणि शनिवारी भात विकण्यावर निर्बंध आले. पूर्वी भात पितळी वाडग्यात शीग लावून वाढत. ते बंद करण्यासाठी सोलच्या नगरप्रशासनाने १९७६मध्ये स्टीलच्या वाटीचे मापच ठरवले : आतला व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर आणि भात चार-पंचमांशापर्यंतच. हा नियम मोडणाऱ्याचा धंदा काही काळ बंद ठेवला जाई. १९८१मध्ये नियम देशभर लागू झाला. तोवर ‘थोंगिल’ या भरघोस उत्पादन देणाऱ्या वाणामुळे टंचाई ओसरली होती, पण वाटी टिकली. झाकण असल्याने भात गरम राहतो आणि वाट्या एकावर एक रचता येतात. खानावळीला एवढी सोय पुरेशी होती.

उत्पन्न वाढले तसे मांस रोजच्या आवाक्यात आले. १९७० आणि ८०च्या दशकांत मेजातच कोळशाची किंवा गॅसची शेगडी असलेली दुकाने पसरली. डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या लांब पट्ट्या, म्हणजे साम्ग्यपसाल, चिमट्याने उलटून, कात्रीने कापून, लेट्यूसच्या पानात लसूण व तिखट चटणीसह गुंडाळून एका घासात खाल्ल्या जातात. एकट्याच्या चौरंगावर हे जमलेच नसते. मधल्या शेगडीने सामाईक मेज पक्के केले.

बानचान मात्र जुन्या चौरंगावरून थेट या मेजावर आले. अन्न वाया जाते म्हणून १९८०च्या दशकात सरकारने ते मागणीनुसार आणि पैसे घेऊन देण्याची योजना मांडली. गिऱ्हाइकांना ती रुचली नाही आणि बारगळली. आजही कोरियात बानचानची वाटी संपली की पुन्हा भरून मिळते आणि बिलात तिची नोंद नसते.