एका तारेची गत

नांदेड-लातूरकडे शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांतून हल्ली गिटार ऐकू येते. शिकणारा नवखा असला, तर पहिल्या आठवड्यात त्याला बहुधा एकच गत वाजवायची असते. ती 'डीप पर्पल' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे एक कॅसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला; ते पाहणाऱ्या या मंडळींनी त्यावरच गाणे बांधले.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा छोट्या गतीला 'रिफ' म्हणतात. हिचे स्वर चारच : षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. मूळ वादक दोन तारा एकत्र छेडतो. नवशिक्याला एक तार पुरते. मोकळी तार, तिसरा पडदा, पाचवा. पुन्हा मोकळी, तिसरा, मग सहाव्यावरून पाचवा. पुन्हा पहिल्यासारखे, आणि शेवटी तिसऱ्यावरून मोकळ्या तारेवर परत. झाली गत. जाणते लोक हिला हसतात. आमचे म्हणणे असे की, या सोपेपणाला मोठा इतिहास आहे, आणि तो कष्टकऱ्यांचा आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या लोकांची मुले घराच्या भिंतीवर एक तार ठोकीत आणि बाटली फिरवून ती वाजवीत. 'डिडली बो' हे तिचे नाव. कित्येक ब्लूज वादकांची ती पहिली शाळा होती. त्याच ब्लूजमधून पुढे रॉक संगीत निघाले. म्हणजे ज्या गतीकडे आपण श्रीमंत देशाची करमणूक म्हणून पाहतो, तिची एक मुळी गुलामांच्या नातवंडांच्या भिंतीपर्यंत जाते.

आपल्याकडची एक तार म्हणजे तुणतुणे. एक पोकळ लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी, वर खुंटी आणि मधून पोलादी तार. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळाबरोबर हेच वाजवतात. शाहिराच्या डफामागेही तेच असते. तुणतुण्यातून चाल निघत नाही, हे खरे. ते षड्ज धरते आणि लय राखते. पण तेवढ्यावर शाहीर उभा राहतो. झिलकरी हाताने तार छेडतो, तोंडाने 'जी जी' म्हणत ओळ झेलतो, आणि ऐकता ऐकता पोवाडा शिकतो. या विद्येला फी नव्हती.

१६५९ सालच्या अफझलखानवधावर अज्ञानदासाने पोवाडा केला. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला आणि राजाला कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणले. १८९१ साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून छापले. शाहिरांची नावे त्यामुळे राहिली. मागे तुणतुणे धरून रात्र काढणाऱ्याचे नाव कोणी टिपले नाही. इतिहास बहुधा पुढे उभ्या असलेल्याचाच लिहिला जातो. आम्हां संघटनेच्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. गिरणगावात त्यांनी तमाशा आणि पोवाडा कामगारांच्या प्रश्नाला जुंपला. सामान महागडे नव्हते. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि गळा. म्हणूनच ते चाळीच्या चौकात पोहोचले.

मोंढ्यातल्या हमालांत आणि डाळगिरण्यांतल्या मजुरांत काम करताना आम्ही हेच पाहिले. सभेत चार वाक्ये बोलायला सांगितले की माणूस खाली मान घालतो. त्याच्या हाती तुणतुणे द्या. पहिल्या दिवशी तो लय धरतो, आठ दिवसांत झील उचलतो, आणि महिन्याभराने मजुरीच्या दराबद्दल उभा राहून विचारतो. गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यापहाऱ्याने ती हातोहात फिरते. मोकळ्या तारा छेडायला कसब लागत नाही, जागे राहायला लागते. सोप्या वाद्याने सर्वांना वाटा मिळतो.

मात्र सोपे हे दार आहे, घर नव्हे. चार स्वर आले म्हणजे संगीत आले असे नाही, आणि 'जी जी' म्हटल्याने कोणी शाहीर होत नाही. अण्णा भाऊंची शाळा लवकर सुटली, पण त्यांचे वाचन आणि लेखन सुटले नाही. त्यांच्या तुणतुण्यामागे ती मेहनत होती. सोप्यावर थांबणारा नक्कल करतो, सोप्यातून आत जाणारा स्वतःचे बोलू लागतो.

म्हणून शेजारच्या खोलीतल्या पोराची ती गत शंभरदा ऐकू आली, तरी खिडकी लावून घेऊ नये. त्याला एवढेच विचारावे की, बाबा, चाल तर बसली. आता आपल्या गावचे काय सांगणार आहेस?