पुच्छ कुळाची कुळकथा

मागच्या पंखाच्या कडेला शेपटीसारखे लांबट टोक असणे ही पॅपिलिओनिडी कुळातील फुलपाखरांची चटकन नजरेत भरणारी खूण आहे आणि मराठीत या कुळाला पुच्छ कुळ हे नावही तिच्यावरूनच मिळाले आहे. तरीही ती खूण या कुळाची कसोटी मात्र नाही. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात लिंबाच्या झाडांभोवती घिरट्या घालणारे लिंबाळी फुलपाखरू आणि महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत ही दोन्ही याच कुळातील असून दोघांनाही शेपटी नसते. मग कुळ ठरते ते कशावरून, हा प्रश्न गेली अडीच शतके प्राणिशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा विचारला, प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले, आणि त्या प्रत्येक उत्तराचा ठसा आज या फुलपाखरांना लावल्या जाणाऱ्या नावांवर उमटलेला आहे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ 1758 या वर्षापासून मानला जातो, कारण त्या वर्षी स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत सर्वत्र एकसारखी वापरण्यात आली. या जोडनावातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींच्या गटाचा असतो आणि दुसरा शब्द त्या गटातील विशिष्ट जातीचा असतो. लिनियस यांनी त्या काळी माहीत असलेली सगळी फुलपाखरे, मग ती पुच्छ कुळातील असोत वा आज अन्य कुळांत मोडणारी असोत, पॅपिलिओ या एकाच प्रजातीत ठेवली. लॅटिन भाषेत पॅपिलिओ या शब्दाचा अर्थच फुलपाखरू असा आहे. मात्र सुमारे दोनशे जातींचा हा समूह हाताळायचा तर त्याचे पोटविभाग करणे भाग होते, आणि म्हणून त्यांनी मोठ्या, डौलदार फुलपाखरांचा एक विभाग कल्पून त्याला ‘सरदार’ अशा अर्थाचे नाव दिले व त्याचेही दोन पक्ष पाडले. ज्यांच्या छातीजवळ रक्तासारखे तांबडे ठिपके असतात आणि ज्यांचा रंग बहुधा काळा असतो ते ट्रॉयच्या बाजूचे वीर, आणि ज्यांना असे ठिपके नसतात ते ग्रीकांच्या बाजूचे वीर, अशी ही विभागणी होती.

होमरच्या महाकाव्यातील युद्धाचा हा आराखडा आज कोणी वर्गीकरण म्हणून वापरत नाही, पण त्यातून निघालेली जातिनामे टिकून राहिली आणि तीच नावे आज विदर्भातील फुलपाखरांच्या याद्यांत वाचायला मिळतात. तांबड्या अंगाच्या काळ्या फुलपाखराला ट्रॉयचा श्रेष्ठ योद्धा हेक्टर याचे नाव मिळाले. हिरव्या ठिपक्यांच्या, आखूड शेपटीच्या, सतत पंख फडफडवत राहणाऱ्या फुलपाखराला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याचे नाव मिळाले, आणि लिंबाळीला ट्रॉयच्या लढाईत पडलेल्या डेमोलियस या ग्रीक वीराचे नाव मिळाले. ॲमस्टरडॅमचे व्यापारी व संग्राहक पीटर क्रॅमर यांनी 1775 पासून परदेशी फुलपाखरांचा जो सचित्र ग्रंथ काढला, त्यात त्यांनी हीच प्रथा पुढे चालवली आणि आज नीलवंत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलपाखराला थ्रेसचा राजा पॉलिम्नेस्टर याचे नाव दिले.

क्रॅमर यांच्याच काळात दुसरे एक सूत्र हळूहळू पुढे येत होते. लिनियस यांचे शिष्य योहान ख्रिस्तियन फाब्रिशियस यांनी 1775 मध्ये एका काळ्या-तांबड्या फुलपाखराचे वर्णन करताना वीरांच्या यादीला हात न लावता त्याला ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीवरून ॲरिस्टोलोकी असे नाव दिले. इंग्रजीत कॉमन रोझ म्हटल्या जाणाऱ्या या फुलपाखराची अळी त्याच गटातील वेलींवर वाढते. म्हणजे या नावात त्या किड्याचे रूप नोंदलेले नसून त्याचे खाद्य नोंदलेले आहे. खाद्यवनस्पतीचे हे सूत्र वर्गीकरणाच्या मध्यभागी यायला पुढे सव्वाशे वर्षे लागली. दरम्यान पॅपिलिओ या अवाढव्य प्रजातीचे तुकडे पडू लागले होते. इटलीच्या सीमेवरील प्रदेशात जन्मलेले निसर्गशास्त्रज्ञ जोव्हान्नी अँतोनिओ स्कोपोली यांनी 1777 मध्ये ग्राफियम ही प्रजाती वेगळी केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रान्सच्या पिएर आंद्रे लात्रेय यांनी पॅपिलिओनिडी हे कुळ स्थापले. कुळ म्हणजे प्रजातींच्याही वरचा, अनेक प्रजातींना सामावणारा गट होय. अशा फेररचनेत जातीचे नाव मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलते, आणि त्याची खूण म्हणून ते नाव देणाऱ्याचे नाव व वर्ष कंसात लिहिण्याचा नियम आहे. म्हणूनच ‘पॅपिलिओ डेमोलियस लिनियस, 1758’ असे कंसाशिवाय लिहिले जाते, तर ‘ग्राफियम अगामेम्नॉन (लिनियस, 1758)’ हे कंसासह लिहिले जाते. पहिले फुलपाखरू लिनियस यांनी ठेवले त्याच प्रजातीत आजही आहे, आणि दुसऱ्याचे स्थान बदललेले आहे, इतकी माहिती त्या कंसात सामावलेली असते.

केवळ पंखांवरच्या रंगावर विसंबून केलेले वर्गीकरण कोठे फसते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॉमन मॉर्मन या नावाने भारतभर परिचित असलेल्या फुलपाखराने पुरवले. लिनियस यांनी या एकाच फुलपाखराचे पॅमॉन आणि पॉलिटीस अशा दोन नावांनी वर्णन केले. ही दोन्ही नावे ट्रॉयचा राजा प्रायम याच्या पुत्रांची आहेत. क्रॅमर यांनी त्यात रोम्युलस या तिसऱ्या नावाची भर घातली. या घोटाळ्याचे कारण असे, की या जातीचे नर सगळे एकाच रूपाचे, म्हणजे काळे व मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले असतात, पण माद्या मात्र तीन रूपांच्या असतात. एक मादी नरासारखीच दिसते, दुसरी कॉमन रोझची आणि तिसरी हेक्टरची हुबेहूब नक्कल करते. कॉमन रोझ व हेक्टर यांच्या अळ्या ॲरिस्टोलोकियाच्या विषारी पानांवर पोसल्या जातात आणि ते विष फुलपाखराच्या अंगातही उतरते, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जाण्याचे टाळतात. नक्कल करणारी मादी स्वतः विषारी नसूनही या भीतीचा लाभ घेते. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मलाय द्वीपसमूहातील पुच्छ कुळावरील आपल्या प्रबंधात ही सर्व रूपे एकाच जातीची असल्याचे धरून त्यांचा विचार केला आणि मादीच्या या अनेक रूपांना नैसर्गिक निवडीचा पुरावा मानले. एका नराच्या भोवती अनेक रूपांच्या माद्या, या कल्पनेवरूनच बहुपत्नीत्वासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे नाव या फुलपाखराला इंग्रजीत पडले.

पंखांची साक्ष अपुरी ठरल्यावर अभ्यासकांचे लक्ष अळीकडे, कोशाकडे आणि शरीराच्या सूक्ष्म रचनेकडे वळले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ एरिक हासे यांनी 1890 नंतरच्या काही वर्षांत आशियाई पुच्छ फुलपाखरांचे तीन गट सुचवले, आणि 1895 मध्ये वॉल्टर रॉथशील्ड यांनी पूर्व गोलार्धातील, आफ्रिका वगळून, पॅपिलिओंचा जो मोठा फेरआढावा प्रसिद्ध केला त्यात तीच त्रिविध मांडणी पक्की झाली. ॲरिस्टोलोकियावर पोसणाऱ्यांचा एक गट, ज्यांच्या मागच्या पंखाची आतली कड पन्हाळीसारखी वळलेली असते त्यांचा दुसरा गट, आणि कागदी पतंगासारख्या हलक्या व टोकदार पंखांच्या फुलपाखरांचा तिसरा गट, असे या मांडणीचे स्वरूप होते. कॅनडाचे युजीन मन्रो यांनी 1961 मध्ये जगभरच्या पुच्छ कुळाची जी रचना मांडली, तिच्यातही हे तीन गट निराळ्या नावांनी टिकून राहिले.

आजच्या शास्त्राने स्वीकारलेली कुळाची कसोटीही अळीतच सापडते. पुच्छ कुळातील अळीच्या डोक्यामागे एक दुभंगलेली, मांसल शिंगासारखी ग्रंथी दडलेली असते; तिला ऑस्मेटेरियम म्हणतात. अळीला डिवचले की ही ग्रंथी झटकन बाहेर येते आणि उग्र वास सोडते. शेपटी असो वा नसो, रंग काळा असो वा पिवळा, ही ग्रंथी या कुळातील अळ्यांना असते आणि इतर कुळांतील फुलपाखरांच्या अळ्यांना नसते. शिवाय या कुळातील नर व मादी या दोघांचेही सहाही पाय पूर्ण वाढलेले असतात, तर विदर्भात सर्वाधिक जाती असलेल्या निम्फॅलिडी कुळात पुढचे दोन पाय आखडून कुंचल्यासारखे झालेले असतात.

रॉथशील्ड यांनी संग्रहालयातील नमुन्यांवरून मांडलेले तिन्ही गट सेलूच्या परिसरात जिवंत पाहता येतात, आणि त्यासाठी पंखांपेक्षा झाडांकडे पाहिलेले अधिक उपयोगी ठरते. लिंबू, संत्रा, बेल, कवठ आणि विदर्भात ज्याला गोडनिंब म्हणतात तो कढीपत्ता या एकाच वनस्पतिकुळातील झाडांवर दुसऱ्या गटातील लिंबाळी आणि कॉमन मॉर्मन यांच्या अळ्या वाढतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते, आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. संत्रा व लिंबू उत्पादकांना ती पाने खाणारी अळी म्हणून चांगली ठाऊक आहे, कारण कोवळ्या रोपांची पालवी ती फस्त करते. काळ्या जमिनीत बांधाकडेला उगवणारी किडामार ही वनस्पती ॲरिस्टोलोकियाच्या प्रजातीतील असून तिच्यावर विषारी गटातील कॉमन रोझ पोसले जाते. अंगणातील सीताफळ आणि शाळा-कचेऱ्यांच्या आवारात रांगेने लावलेला उंच खोटा अशोक ही दोन्ही झाडे एकाच कुळातील असून त्यांच्यावर तिसऱ्या गटातील ग्राफियम अगामेम्नॉन वाढते. याच तालुक्यातील हिंगणीजवळ बोर अभयारण्य आहे. 1970 मध्ये घोषित झालेल्या आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या या शुष्क पानझडी जंगलामुळे बागा, शेते आणि रान असे तिन्ही प्रकारचे अधिवास येथे एकमेकांना लागून आहेत.

या प्रदेशातील फुलपाखरांच्या नोंदींनाही स्वतःचा इतिहास आहे. 1862 मध्ये नागपूरमधून वेगळा झालेला वर्धा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतातील फुलपाखरांवर जे. ए. बेथम यांचे लेख 1890-91 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आले. पुढे अजब बंगला म्हणून परिचित असलेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील ई. ए. डी’अब्रू यांनी 1931 मध्ये मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात 177 जाती नोंदवल्या. त्यानंतर अनेक दशके या विषयाकडे फारसे कोणी वळले नाही. ही उणीव भरून काढणाऱ्यांत सेलू येथील विद्याभारती महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातील आशिष टिपले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विदर्भातील फुलपाखरांच्या सूचीत 167 जातींची नोंद आहे, आणि अरुण खुरद व रॉजर डेनिस यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील अळ्यांच्या खाद्यवनस्पतींचाही स्वतंत्र अभ्यास केला. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयातून असे काम होते, ही गोष्ट विदर्भाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

कॉमन मॉर्मनच्या माद्यांच्या अनेक रूपांविषयी वॉलेस यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तरही अलीकडच्या काळात एका मराठी संशोधकाच्या हातून पुढे सरकले. ‘बटरफ्लाईज ऑफ पेनिन्शुलर इंडिया’ या 2000 मधील ग्रंथाचे लेखक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले, की कॉमन मॉर्मनच्या मादीचे रूप डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर अवलंबून असते. कीटकांच्या शरीरात नर-मादी भेद घडवणारे हे जनुक या जातीत मादीच्या पंखांची नक्षीही ठरवते. ज्या रूपांना लिनियस आणि क्रॅमर यांनी वेगवेगळ्या जाती मानले, ती एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे घडत असल्याचे अशा रीतीने सिद्ध झाले.

मराठी नावांची व्यवस्था ही या कुळकथेतील सर्वांत ताजी पायरी आहे. जून 2015 मध्ये महाराष्ट्राने नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. त्यानंतर महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने अभ्यासकांच्या समितीकरवी राज्यातील अडीचशेहून अधिक जातींना आणि त्यांच्या कुळांना मराठी नावे दिली. शास्त्रीय नाव जगभर एकच असते आणि त्याची जागा मराठी नाव घेऊ शकत नाही, परंतु शेतकऱ्याला, शाळकरी मुलाला आणि वनरक्षकाला एकमेकांशी बोलताना जे नाव सहज उच्चारता येते, त्याच नावाने नोंदी वाढतात.

अडीच शतकांचा हा इतिहास एक गोष्ट स्पष्टपणे शिकवतो, ती म्हणजे फुलपाखराची खरी ओळख त्याच्या पंखांपेक्षा त्याच्या अळीत आणि अळीच्या झाडात अधिक दडलेली असते. म्हणून सेलू परिसरातील विद्यार्थी, बागायतदार आणि निसर्गप्रेमी यांनी फुलपाखराचे छायाचित्र घेऊन थांबू नये. अळी कोणत्या झाडावर दिसली, कोणत्या तारखेला दिसली आणि तिच्यातून पुढे कोणते फुलपाखरू निघाले, याची नोंद वहीत करून ती जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पोहोचवावी. संत्र्या-लिंबाच्या बागेतील फवारणी गरजेपुरतीच ठेवून बांधावरची किडामार आणि अंगणातला बेल व गोडनिंब राखले, तर पुच्छ कुळाच्या या शाखा सेलूच्या मातीत नांदत राहतील.